बुडवलेलं पाकीट

“हात लावू नका बाई. ही तिकिटं आहेत, भाजी नाही.”

असं मला बजावणाऱ्या माणसाच्या पाठीमागे, काचेआड, माझीच तिकिटं लावलेली होती.

त्या माणसाच्या छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला होता. कापडबाजारातले सोमाणीशेठ. त्यांच्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावून देणारी बाई मीच. पण गठ्ठा घेऊन मागच्या दाराने येणारी आणि प्रदर्शनात पुढच्या दाराने शिरलेली बाई एकच, हे त्यांच्या डोक्यात बसत नसावं.

“शेठ, ही माझी आहेत,” मी म्हटलं.

“हो का? मग ते चंद्रावरचं यानसुद्धा तुमचंच असेल.” आणि स्वतःच्याच विनोदावर ते खूश होऊन हसले.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. पहिल्या पानावर रुमानियाचं लायका कुत्रीचं तिकीट. मग गागारिन. मग तेरेश्कोवा, अंतराळात गेलेली पहिली बाई. तिला मी सगळ्यांत जास्त जागा दिली होती. पोलंड, हंगेरी, मंगोलिया, आपला आर्यभट. पानांवरची निळ्या शाईतली माहिती माझ्या अक्षरात. सगळ्यांत खाली, मधोमध, मॉस्कोचं पाकीट. आणि फ्रेमच्या डोक्यावर टाइप केलेलं कार्ड:

अंतराळाची वाट. संग्राहक: श्री. दिगंबर माणिक बुरगुटे, बी.एससी., बी.एड.

दिगंबर म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने जन्मात एक तिकीट जमवलं नव्हतं. स्वतःच्या पत्रावर लावायचं तिकीटसुद्धा तो मला थुंकी लावून चिकटवायला सांगायचा.

ही चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी आपला माणूस अंतराळात जाऊन आला होता आणि बार्शीच्या तिकीट संग्राहक मंडळाने त्या निमित्ताने आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं होतं.

माझ्याकडे ही तिकिटं कशी आली ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरी वडिलांचा रेडिओ होता. वडील गेले, रेडिओ राहिला. संध्याकाळी खरखर बाजूला सारत काटा फिरवला की मॉस्कोहून हिंदी कार्यक्रम लागायचा. कार्यक्रम कसा वाटला ते कळवा, म्हणायचे. मला शाळेतून सातवीलाच काढलेलं, पण कळवायला काय लागतं? मोडक्यातोडक्या हिंदीत मी कळवायला लागले. कार्यक्रम आवडला नाही तर तेही कळवायचे. एकदा लिहिलं, तुमची गाणी आमच्या गावच्या गिरणीच्या भोंग्यासारखी आहेत. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि उत्तर पाठवलं. पाकिटावर तिकीट होतं, तिकिटावर रॉकेट. तिथून सुरुवात झाली. मग बर्लिनला लिहिलं, बुडापेस्टला लिहिलं. मागून घेतलं, बदलून घेतलं, भांडून घेतलं.

पण बुरगुट्यांच्या घरात मुलीच्या नावाने परदेशातून पत्र आलं असतं तर आईने पोस्टमनच्या देखतच मला बडवलं असतं. म्हणून मी खाली सही करायचे, दिगंबर बुरगुटे. उत्तरंही तशीच यायची, ‘प्रिय दिगंबर भाई’. मधे माझं लग्न झालं. दोन वर्षांत मी ते मोडून परत आले. जाताना अल्बम नेला होता, येताना अल्बम आणला. भांडी तिथेच राहिली.

आणि मॉस्कोचं पाकीट. आपला माणूस जाणार हे कळलं तेव्हा मी मॉस्को रेडिओवर आमची पत्रं वाचणाऱ्या बहनजींना लिहिलं, ज्या दिवशी यान उडेल त्या दिवशी मला एक पाकीट टाका, नवं तिकीट लावा, आणि पोस्टात उभ्या राहून त्याच दिवसाचा शिक्का मारून घ्या. त्या बाईने ते केलं. कोण कुठली बाई! अशा पाकिटाला संग्राहक कव्हर म्हणतात. त्यात मोल नुसत्या तिकिटाचं नसतं. तिकीट, त्यावरून पाकिटावर उतरलेला त्या दिवसाचा शिक्का आणि ते पाकीट, तिन्ही जागच्या जागी असतील तरच ते कव्हर. जिल्ह्यात तसं दुसरं नव्हतं.

प्रदर्शन ठरलं तेव्हा दादा म्हणाला, “शेवंते, तुझा अल्बम लावू या. तू पानं तयार कर, लावायचं मी बघतो. तू संध्याकाळी ये, गर्दी ओसरली की.” मी हुरळून गेले. फॉलची कामं मागे सारून पानं लिहिली. पण संध्याकाळची वाट कोण बघणार? सकाळीच गेले.

दादाने मला लांबून पाहिलं आणि जवळजवळ पळतच आला.

“काय गं, तू हितं कशी?” चारचौघांत तो शाळेतलं मराठी बोलायचा, पण घाबरला की घरचं यायचं.

“माझ्या नावाचं कार्ड कुठंय?”

“हळू बोल.”

“दादा, कार्ड कुठंय?”

“अगं, पाकिटांवर नाव कुणाचं आहे? वाच की. दिगंबर बुरगुटे, बार्शी. पाकिटं एकाच्या नावाची नि कार्ड दुसऱ्याच्या, लोक विचारणार नाहीत?”

“विचारू देत. मी सांगेन.”

“काय सांगशील? भावाच्या नावानं परमुलखातल्या परक्या माणसांना पत्रं लिहीत होते म्हणून? आधीच तू परत आलेली. आईला तोंड दाखवायला जागा ठेव जरा.”

“आईचं तोंड मधे आणू नकोस. मुख्याध्यापकाच्या खुर्चीचं बोल.”

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर हिरेमठ, आणि दादाच्या शाळेच्या संस्थेवरही तेच. मुख्याध्यापकांची जागा उन्हाळ्यात रिकामी होणार होती. दादा तिकिटांच्या बैठकांना जायचा तो तिकिटांसाठी नव्हे, हे आमच्या घरच्या मांजरालाही माहीत होतं.

तेवढ्यात डॉक्टरच आले. दाताचे डॉक्टर. अख्ख्या गावाच्या तोंडात हात घातलेला माणूस, त्यामुळे त्यांच्यासमोर सहसा कुणी तोंड उघडत नसे.

“काय गुरुजी, या कोण?”

“धाकटी बहीण, डॉक्टर. अक्षर बरं आहे तिचं. पानं तिच्याकडूनच लिहून घेतली.”

“वा! ताई, मोत्यासारखं अक्षर हं. भावाला चांगली मदत केलीत.”

“मदत त्याने केली, डॉक्टर,” मी म्हटलं. “त्याने पानं सायकलवरून इथवर आणली. बाकीचं सगळं माझं आहे. तिकिटं माझी, पाकिटं माझी, लिहिलेलं माझं. तेवढं कार्ड बदला.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बशीतून चहा पीत बसले होते. पुण्याहून आलेले परीक्षक रणदिवे. त्यांनी बशी तोंडाशी धरून माझ्याकडे नीट पाहिलं.

डॉक्टर हसले. लहान मुलाला ‘आ कर’ म्हणताना हसतात तसे. “ताई, पाकिटांवर तर गुरुजींचं नाव दिसतंय.”

“ते मीच घातलेलं आहे.”

“का बरं?”

“बाईच्या नावाने पत्रं आली असती तर तुमच्या गावाने मला जगू दिलं असतं का, म्हणून.”

“हे बघा, हे झालं घरातलं. घरात मिटवा. आत्ता कलेक्टरसाहेब उद्घाटनाला येतील. शोभतं का हे?”

खरं सांगते, माझ्याकडे पुरावा नव्हता. जो होता तो मीच वर्षानुवर्षं दादाच्या नावावर चढवला होता. आणि दादाला ते ठाऊक होतं. तो आता शांत झाला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चल, मी रिक्षात बसवून देतो तुला.”

मी त्याचा हात झटकला. फ्रेमची पानं वरच्या खाचेतून आत सरकवलेली असतात. मी शेवटचं पान धरलं आणि वर ओढलं.

“ओ बाई! ओ!” सोमाणीशेठ ओरडले.

पानावर मॉस्कोचं पाकीट चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेलं होतं. मी ते सोडवलं आणि स्टेजकडे गेले. स्टेजच्या पायरीशी मांडववाल्याने एक मोठं घमेलं पाण्याने भरून ठेवलेलं होतं, त्यात पाहुण्यांसाठीच्या गुच्छांची फुलं तरंगत होती. मी फुलं काढून पायरीवर ठेवली. मग पाकीट पाण्यावर धरलं.

तिकिटं जमवणाऱ्यांची एक रोजची रीत असते. साध्या पत्रावरचं तिकीट काढायचं तर पाकिटाचा तुकडा पाण्यात टाकायचा. डिंक सुटतो, तिकीट अलग होतं, ते टिपकागदावर वाळवायचं. घरोघरी हेच चालतं. पण कव्हर पाण्यात घालणं म्हणजे खून. हॉलमधल्या प्रत्येकाला मी काय करते आहे ते कळलं. आपापली पानं लावत बसलेली माणसं उठून उभी राहिली.

“कार्ड बदला,” मी म्हटलं. “नाहीतर हे गेलं.”

“ताई, वेड्यासारखं करू नका,” डॉक्टरांचा आवाज बदलला. “ते पुन्हा मिळणार नाही.”

“मला सांगता? मी मिळवलंय ते.”

“बाई, थांबा, थांबा!” सोमाणीशेठ हात जोडून उभे. मघाशी मला ‘भाजी नाही’ म्हणून बजावणारा माणूस. “पाया पडतो, तेवढं करू नका. दुसरं काहीही बुडवा.”

आणि मग दादा बोलला. चिडला होता, भावाच्या हक्काने बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“भिजव की! कुणाला भीती घालतेस? रोज घरी पातेल्यात तेच करत बसतेस. डॉक्टर, तुम्ही घाबरू नका हो, काही होत नाही. तिकीट सुटं होईल, वाळवू आणि परत लावू.”

रणदिव्यांनी बशी खाली ठेवली. सोमाणीशेठ दादाकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “गुरुजी... कव्हर आहे ते.”

“हो, मग? पाकीट फेकूनच द्यायचं असतं ना?”

ज्याने स्वतःच्या हाताने एक कव्हर जमवलंय त्याच्या तोंडून असं वाक्य निघूच शकत नाही. एकेकाच्या चेहऱ्यावर मला ते उमटताना दिसलं. दादाला मात्र आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. तो सगळ्यांकडे बघून मान हलवत होता, बघा कशी आहे आमची बहीण, अशी.

मला वाटलं, जिंकले. आता कार्ड बदलतील.

डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, जिथून कलेक्टर येणार होते. जवळ आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, “ताई, आलं लक्षात माझ्या. सगळं लक्षात आलं. पण निमंत्रणपत्रिकेत गुरुजींचं नाव छापून गेलंय. आजचा दिवस राहू द्या. पुढच्या वर्षी तुमच्या नावाने लावू, माझा शब्द. द्या ते पाकीट इकडे.”

म्हणजे कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. आणि कळूनही मी घरी जायचं होतं. खरं काय ते कळलं की माणसं न्याय करतात, हे ज्याने कुणी सांगून ठेवलंय त्याला कधी कार्ड बदलायला लावायची वेळ आली नसावी.

मी पाकीट सोडलं.

कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. पाकीट आधी तरंगलं. मी दोन बोटांनी ते खाली दाबलं. पत्ता शाईच्या पेनाने लिहिलेला होता, तो सगळ्यांत आधी गेला. ‘दिगंबर’ची निळी रेघ झाली, रेघेचा धूर झाला आणि धूर पाण्यात मिसळून गेला. मग बुरगुटे गेले. मग बार्शी गेली. तिकीट मात्र चिवट. डिंक सुटेपर्यंत ते बसून राहिलं, मग हळूच अलग झालं आणि अर्धा शिक्का अंगावर घेऊन वर आलं.

मी हात झटकले. थेंब डॉक्टरांच्या कोटावर उडाले.

“फ्रेममध्ये अजून भरपूर पानं आहेत,” मी म्हटलं. “घमेलंही मोठं आहे.”

“सोमाणी!” डॉक्टर किंचाळले. “कोरं कार्ड! कोरं कार्ड आणा लवकर!”

सोमाणीशेठ त्या वयात धावले. डॉक्टरांनी स्टेजच्या कडेला टेकून खिशातलं पेन काढलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे जबडे धरून बसलेला हात आता माझ्या नावासाठी थांबला होता.

“नाव?”

“शेवंता.”

“कुमारी की सौभाग्यवती?”

“नुसतं नाव लिहा.”

“आडनाव तरी? बुरगुटे ना?”

“ते दादाकडे राहू द्या. त्याला लागेल.”

खुर्चीवरून रणदिवे मोठ्याने हसले. त्यांना ठसका लागला, तरी हसत राहिले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं हसले आणि मग हॉलभर ते पसरलं. दादा तेवढा एकटा उभा होता, कान लाल झालेले.

“शेवंते,” तो दात आवळून म्हणाला, “पस्तावशील.”

“पस्तावेन. माझ्या नावानं पस्तावेन.”

मी स्वतः कार्ड लावलं. जुनं काढलं आणि दादाच्या हातात दिलं. मग रिकामं झालेलं पान परत खाचेत सरकवायला गेले तर डॉक्टर म्हणाले, “ते राहू द्या ना आता. रिकामे कोपरे दिसतील. बरं दिसत नाही.”

“दिसू द्या,” मी म्हटलं. “पेन द्या जरा.”

त्यांनी दिलं. नाही म्हणायची त्यांची सवय तोवर मोडली होती. पान गुडघ्यावर ठेवून, त्या चार रिकाम्या कोपऱ्यांच्या खाली, मी लिहिलं: ‘इथलं पाकीट संग्राहकाने स्वतः पाण्यात बुडवलं. कारण हवं असेल तर संग्राहकाला विचारावं.’ आणि खाली सही केली.

कलेक्टर आले, फीत कापली आणि भरभर फिरत आमच्या ओळीत पोचले. डॉक्टर त्यांना पुढे ढकलू पाहत होते, पण साहेबांना वाचायची सवय होती. ते थांबले. पान वाचलं. पुन्हा वाचलं.

“कोण आहेत या शेवंता?”

“मी.”

“मग? काय कारण?”

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, रेडिओपासून. डॉक्टर घाम पुसत होते. साहेबांच्या मागची माणसं पुढे सरकली. त्यांच्या मागची आणखी पुढे. साहेब गेले तरी माणसं हलली नाहीत, आणि जी गेली त्यांनी बाहेर जाऊन दुसऱ्यांना पाठवलं. दुपारी मुलींच्या शाळेची रांग आली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. बाजारात आलेल्या बाया डोक्यावरची पाटी दाराशी ठेवून आत आल्या, ‘ती पाकीटवाली कुठंय गं’ विचारत. तेरेश्कोवाचं तिकीट मी प्रत्येकीला दाखवलं. एक जण म्हणाली, “ही वर गेली तेव्हा घरी स्वयंपाक कुणी केला?” आणि सगळ्या इतक्या हसल्या की शेजारच्या फ्रेमवाल्याने तक्रार केली. त्याच्या फ्रेममध्ये राणीच्या काळातली दुर्मीळ तिकिटं होती. दिवसभर त्याच्यापुढे कुणी उभं राहिलं नाही.

दादा गेला नाही. गेला असता तर लोक बोलले असते, म्हणून माझ्यापासून दोन हातांवर, भिंतीला टेकून, तो सगळं ऐकत उभा होता. प्रत्येक वेळी. त्याच्या शाळेतले मास्तर आले तेव्हाही मी एक शब्द गाळला नाही.

संध्याकाळी रणदिवे कागद घेऊन आले. बराच वेळ काचेला नाक लावून पाहत राहिले.

“तुमचे मार्क कापावे लागतील,” ते म्हणाले. “मुख्य वस्तूच नाही. ती असती तर पहिला नंबर तुमचा होता.”

“पहिला नंबर दिगंबर बुरगुट्यांचा होता,” मी म्हटलं. “माझा कितवा?”

“तिसरा.”

“चालेल.”

त्यांनी फ्रेमला तिसऱ्या क्रमांकाची फीत लावली. नावाच्या बरोबर खाली. मग चष्मा वर करून रिकाम्या कोपऱ्यांखालचं वाक्य मोठ्याने वाचलं, अगदी सावकाश. गर्दी ऐकत होती.

“हे कुणी लिहिलं?” त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे न बघता दादाकडे पाहिलं. “गुरुजी, हे तुम्ही सांगितलंत का हिला?”

दादाने तोंड उघडलं. मग मान हलवली. नाही.

“मी लिहिलं,” मी म्हटलं.

“आणखी काही लिहिलंय का?”

“पुष्कळ. पण ते सगळं मॉस्कोला आहे आणि याच्या नावावर आहे.”

ते पुन्हा हसायला लागले. तेवढ्यात गर्दीच्या मागून, दारातूनच, कुणीतरी नव्याने आलेली बाई ओरडली, “अहो, ऐकू येत नाही हितं! पाकीट कशापायी बुडवलं?”

मी खुर्ची ओढली, तिच्यावर उभी राहिले, आणि परत पहिल्यापासून सांगायला लागले.